दोनदा संपणाऱ्या मालिका

विनोदी मालिका संपवण्याचं काम विनोदी लेखकांवरच सोपवतात, यात थोडा क्रूरपणा आहे. आठ-दहा वर्षं ज्यांनी दर आठवड्याला बावीस मिनिटांत एक गोंधळ घातला, वाढवला आणि वेळेत निस्तरला, त्यांना एके दिवशी सांगायचं की आता हे सगळं कायमचं निस्तरा. शिवाय लोकांना हसवा, थोडं रडवा, मधल्या काळात सोडून गेलेली मंडळी एकदा तरी पडद्यावर आणा आणि कुणाचं लग्न राहिलं असेल तर तेही उरकून घ्या. एवढी कामं तर आपल्याकडे मुलीच्या बापालाही एका दिवसात करावी लागत नाहीत.

अडचण मूळ प्रकारातच आहे. सिटकॉममध्ये काही बदलायचं नसतं. नायकाची नोकरी या आठवड्यात गेली तरी पुढच्या आठवड्यात तो त्याच सोफ्यावर, त्याच जागी, तोच मग हातात घेऊन बसलेला असतो. माणूस सुधारला की मालिका बुडाली. चिं. वि. जोशींच्या चिमणरावांना सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी उभं केलं, शेजारी गुंड्याभाऊ म्हणून बाळ कर्वे. त्या चिमणरावांना एका मंगल सकाळी व्यवहारज्ञान प्राप्त झालं असतं, तर त्यांच्या बायकोला, कावेरीला, बरं वाटलं असतं, पण आपण टीव्ही बंद करून जेवायला बसलो असतो.

सुरुवातीच्या अमेरिकन मालिकावाल्यांना हे नेमकं कळलेलं होतं. त्यामुळे त्यांनी शेवट या गोष्टीचा फारसा विचारच केला नाही. ‘आय लव्ह लूसी’ 1951 ते 1957 चालली आणि अमेरिकेत घराघरांत पाहिली गेली. तिच्या शेवटच्या भागात लूसीच्या हातून एक पुतळा फुटतो आणि अनावरणाच्या वेळी ती स्वतःच पुतळा होऊन उभी राहते. बस्स. निरोप नाही, आठवणी नाहीत, हुंदका नाही. कुठल्याही बुधवारी किंवा शुक्रवारी दाखवावा असा तो भाग. ‘गिलिगन्स आयलंड’ची तऱ्हा आणखी न्यारी. सात माणसं तीन तासांच्या जलसफरीला निघतात आणि वादळामुळे एका बेटावर अडकतात. 1967 मध्ये मालिका बंद पडली, तेव्हा ती सातही माणसं बेटावरच होती. त्यांची सुटका करायचं कुणाच्या लक्षात यायला 1978 साल उजाडावं लागलं, आणि तेही एका वेगळ्या टीव्ही चित्रपटात. तोवर अकरा वर्षं ती माणसं तिथेच होती आणि प्रेक्षकांचंही फार अडलं नव्हतं.

निरोपाचा थाट सुरू झाला तो पुढे. 19 मार्च 1977 रोजी ‘द मेरी टायलर मूर शो’चा शेवटचा भाग लागला. मिनीआपोलिसमधल्या एका टीव्ही केंद्राची बातम्यांची खोली, हे मालिकेचं जग. शेवटच्या भागात नवा व्यवस्थापक येतो, बातम्यांना प्रेक्षक का नाहीत याचा विचार करतो आणि सगळ्यांना काढून टाकतो. फक्त एकाला ठेवतो. तो एक म्हणजे टेड बॅक्स्टर, ज्या निर्बुद्ध वृत्तनिवेदकामुळे प्रेक्षक नव्हते तोच. ज्याने कुठल्याही कचेरीत चार वर्षं काढली आहेत, त्याला हा शेवट समजावून सांगावा लागत नाही. मग सगळे एकमेकांना घट्ट मिठी मारतात, कुणाला नाक पुसायला कागद हवा असतो, पण मिठी सोडायची कुणाची तयारी नसते, म्हणून तो सगळा घोळका मिठीसकट टेबलापर्यंत सरकत जातो. रडू आणि हसू एकाच वेळी आणण्याची ही युक्ती इतकी चांगली होती की पुढच्या प्रत्येक लेखकाला वाटलं, हे आपल्यालाही जमेल.

सहा वर्षांनी, 28 फेब्रुवारी 1983 रोजी, ‘मॅश’ संपली. कोरियातलं युद्ध, सैन्याचं फिरतं रुग्णालय, आणि जखमींचं रक्त थांबवता थांबवता विनोद करणारे डॉक्टर. खरं कोरियन युद्ध 1950 ते 1953 असं तीन वर्षं चाललं. मालिका मात्र 1972 पासून अकरा वर्षं. शेवटचा भाग अडीच तासांचा होता आणि तो अमेरिकेत सुमारे साडेदहा कोटी लोकांनी पाहिला. त्यातला डॉक्टर हॉकआय मनोरुग्णालयात आहे आणि त्याला बसमधली एक कोंबडी आठवते, जिचा आवाज शत्रूला ऐकू जाऊ नये म्हणून तो ओरडलेला असतो. हळूहळू कळतं की ती कोंबडी नव्हती. ते एका बाईचं बाळ होतं. विनोदी मालिकेच्या शेवटच्या भागात हे! आणि ते साडेदहा कोटी लोकांनी मान्य केलं. त्या रात्रीपासून प्रत्येक लोकप्रिय सिटकॉमच्या डोक्यावर एक कर्ज बसलं: जाताना काहीतरी मोठं करून जायचं.

या निरोपांची लांबी पाहिली की मला आपल्याकडचे पाहुणे आठवतात. चपला घालून झाल्यात, लिफ्ट वर आली आहे, आणि तेव्हाच कुणाला तरी चुलत भावाच्या जमिनीचा विषय आठवतो. पाऊण तास दारात. खरी भेट आत, चहाबरोबर, कधीच आटोपलेली असते. दारात चालतो तो उपचार.

माझं म्हणणं एवढंच आहे की आवडती विनोदी मालिका अशी दोनदा संपते. एकदा खरीखुरी, कुणाला न सांगता, बहुधा पाचव्या किंवा सातव्या सीझनच्या आसपास. आणि मग काही वर्षांनी समारंभाने, साश्रू नयनांनी, जाहिरातींचे दर वाढवून. आपण चर्चा करतो ती दुसऱ्या शेवटाची. टिकतात ते सीझन मात्र पहिल्या शेवटाच्या आधीचे.

उदाहरणार्थ ‘चिअर्स’. बोस्टनमधला एक बार, तो चालवणारा माजी बेसबॉलपटू सॅम, आणि तिथे वेट्रेस म्हणून काम करणारी, प्रत्येक वाक्यात एखादा फ्रेंच लेखक आणणारी डायन. 1982 मध्ये मालिका सुरू झाली तेव्हा लोकप्रियतेच्या यादीत ती जवळजवळ तळाशी होती. एनबीसी वाहिनीने ती बंद केली नाही, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. सॅम आणि डायन यांचं भांडण हा त्या मालिकेचा प्राण. दोघांना एकमेकांशिवाय करमत नाही आणि एकमेकांबरोबर तर मुळीच करमत नाही. 1987 मध्ये पाचव्या सीझनच्या शेवटी शेली लाँगने मालिका सोडली. डायन सहा महिन्यांसाठी पुस्तक लिहायला म्हणून निघते, आणि ती दाराबाहेर पडल्यावर सॅम तिला जन्मभराच्या शुभेच्छा देतो. त्याला कळलेलं असतं. मालिका तिथे संपली. पुढे ती आणखी सहा सीझन चालली, नवी नायिका आली, बार भरलेला राहिला, आणि गंमत म्हणजे 1990-91 मध्ये ती अमेरिकेतली पहिल्या क्रमांकाची मालिका झाली. म्हणजे संपल्यानंतर ती सर्वांत लोकप्रिय ठरली. तिकडे हे मालिकांचं होतं, आपल्याकडे गायकांचं होतं.

‘फ्रेझर’ ही ‘चिअर्स’मधूनच निघालेली शाखा, आणि माझ्या मते खोडाहून सरस. सिअॅटलचा रेडिओवरचा मानसोपचारतज्ज्ञ, तसाच त्याचा शिष्ट भाऊ नाइल्स, आणि दोघांच्या वाइन-ऑपेराला काडीची किंमत न देणारे त्यांचे निवृत्त पोलीस वडील. वडिलांची देखभाल करणाऱ्या डॅफ्नीवर नाइल्स सात वर्षं जीव टाकतो आणि बोलत नाही. त्या न बोलण्यात जेवढा विनोद आहे, तेवढा जगातल्या बहुतेक बोलण्यात नाही. डेव्हिड हाइड पिअर्स नुसता तिच्या केसांचा वास घेतो आणि प्रेक्षक कोसळतात. 2000 च्या मे महिन्यात, सातव्या सीझनच्या शेवटी, ती दुसऱ्याशी लग्न करायला निघालेली असताना दोघं पळून जातात. टाळ्या, शिट्ट्या, आनंद. आणि त्यानंतर चार सीझन लेखकांना कळेना की सुखी नाइल्सचं करायचं काय. सुखी माणूस शेजारी म्हणून चांगला, पात्र म्हणून फार जड जातो.

‘द ऑफिस’च्या अमेरिकन अवताराबद्दल तर वादच नको. स्टीव्ह कॅरेलचा मायकेल स्कॉट, कागद विकणाऱ्या कचेरीचा साहेब, 2011 मध्ये, सातव्या सीझनमध्ये, नोकरी सोडून निघतो. विमानतळावर अंगावरचा मायक्रोफोन काढून देतो, मागून कचेरीतली पॅम धावत येते, दोघं काहीतरी बोलतात आणि ते आपल्याला ऐकू येत नाही. इतका सभ्य शेवट टीव्हीवर क्वचित मिळतो. मग उरलेली मंडळी आणखी दोन वर्षं कागद विकत राहिली. 2013 चा समारंभी शेवटही वाईट नव्हता. पण मायकेल त्यात एका लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखा, दोन वाक्यं बोलण्यापुरता.

आमच्या घरात या सिद्धांताला मान्यता नाही. माझी भाची या विषयातली जाणकार आहे. तिच्याकडे प्रत्येक मालिकेच्या सीझनांची क्रमवारी तयार असते आणि ती विचारल्याशिवाय सांगते. तिचा पहिला नियम: “मामा, पहिला सीझन बघूच नकोस. त्यांना अजून आपण कोण आहोत तेच कळलेलं नसतं.” हे मात्र मला पटतं. ‘द ऑफिस’चा 2005 चा पहिला सीझन फक्त सहा भागांचा आहे आणि त्यात मायकेल नुसताच दुष्ट वाटतो. दुसऱ्या सीझनमध्ये लेखकांच्या लक्षात आलं की हा माणूस दुष्ट नाही, त्याला फक्त सगळ्यांनी आपल्यावर प्रेम करावं असं वाटतं, जे दुष्टपणापेक्षा भयंकर आहे. तिथून मालिका सुरू झाली. ‘साइनफेल्ड’चंही तेच. पहिल्या सीझनमध्ये जेमतेम पाच भाग, आणि चौथ्यापर्यंत पोचेस्तोवर ते चौघे असे काही एकमेकांत मुरलेले की 1993 मध्ये सर्वोत्तम विनोदी मालिकेचा एमी पुरस्कार त्यांच्या घरी आला.

बायकोचं धोरण वेगळं आहे. ती शेवटचा भाग बघतच नाही. ‘फ्रेझर’ तिने तोंडपाठ होईपर्यंत पाहिली, पण शेवटचा भाग अजून शिल्लक ठेवला आहे. का, असं विचारलं तर म्हणते, “अहो, सगळं आजच कशाला संपवायचं?” लोणच्याची बरणी आणि बँकेतली ठेव यांच्या बाबतीतही तिचं हेच धोरण असल्यामुळे मी पुढे वाद घातला नाही.

मालिका उतरते कशी, हे पाहायचं असेल तर शेवटच्या भागापेक्षा मधल्या भागांकडे पाहावं. सुरुवातीला पात्राला पाच-सहा गुण असतात. त्यातल्या एका गुणावर हशा पिकतो. पुढच्या वर्षी लेखक तोच गुण जरा वाढवतात. असं करत करत तो गुण माणसाला गिळून टाकतो. ‘फ्रेंड्स’मधला जोई पहिल्या वर्षी भोळा होता, थोडा खादाड होता, मित्रांसाठी जीव टाकणारा होता. शेवटी शेवटी तो इतका बिनडोक झाला की हा माणूस न्यूयॉर्कमध्ये एकटा रस्ता कसा ओलांडतो असा प्रश्न पडावा. मोनिकाची टापटीप आजारपणाकडे गेली. रॉसचा आवाज दरवर्षी एक पट्टी वर गेला. प्रेक्षकही यात निर्दोष नाहीत. पहिल्या सीझनमध्ये स्टुडिओतले लोक विनोदाला हसतात. आठव्या सीझनमध्ये नट दारातून आत आला की हसतात. ज्याला नुसतं आत येण्याबद्दल हशा मिळतो, तो पुढचं वाक्य चांगलं असावं म्हणून आग्रह का धरेल?

यात पैशाचा भाग आहेच. अमेरिकेत वर्षाला बावीस-चोवीस भाग करण्याची पद्धत होती, आणि साधारण शंभर भाग जमले की ती मालिका गावोगावच्या वाहिन्यांना पुन्हा पुन्हा दाखवायला विकता येई. खरी कमाई त्यात. म्हणून चार सीझनपर्यंत जीव मुठीत धरून पोचायचं, आणि एकदा पोचल्यावर जोवर गाय दूध देते तोवर गोठा बंद करायचा नाही. ‘फ्रेंड्स’च्या सहा कलाकारांना अखेरच्या दोन सीझनमध्ये प्रत्येक भागाचे प्रत्येकी दहा लाख डॉलर मिळत होते. एवढे पैसे मिळत असतील तर मीही दर गुरुवारी त्याच सोफ्यावर बसून रॉसचं ऐकून घेईन. उलट जेरी साइनफेल्डने लोकप्रियतेच्या शिखरावर असताना मालिका थांबवली. वाहिनी त्याला कितीतरी पैसे देऊ करत होती. असा माणूस आपल्या नात्यात असता तर लोक म्हणाले असते, याला व्यवहार कळत नाही.

‘फ्रेंड्स’ला मात्र माझ्या सिद्धांतातून थोडी सूट द्यावी लागते. 1998 च्या मे महिन्यात लंडनमध्ये रॉस लग्नाच्या वेदीवर एमिलीऐवजी रेचेलचं नाव घेतो, आणि त्याच मुक्कामात मोनिका-चँडलर एकत्र येतात. तोवरचे दुसरा ते चौथा आणि त्यापाठोपाठचा पाचवा, हे सीझन आजही तसेच ताजे लागतात. पण 2001-02 चा आठवा सीझन अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला आणि त्याला सर्वोत्तम विनोदी मालिकेचा एमीही मिळाला. तेव्हा न्यूयॉर्क नुकतंच हादरलेलं होतं. लोकांना ओळखीच्या सहा माणसांत जाऊन बसायचं होतं. काही मालिका चांगल्या म्हणून पाहिल्या जातात आणि काही जवळच्या म्हणून; ‘फ्रेंड्स’ दुसऱ्या कारणासाठी आधी उभी राहिली होती. आपल्याकडे ती इंग्रजी वाहिन्यांवर आली, तेव्हा क्रमाने बघायची सोय नव्हती. रॉसचा घटस्फोट आधी, लग्न नंतर, असं अनेकांनी पाहिलं आणि कुणाचं काही बिघडलं नाही. पुढे 2015 मध्ये झी मराठीवर ‘दिल दोस्ती दुनियादारी’ आली, तेव्हा एका घरात राहणारी सहा तरुण मुलं-मुली पाहून सगळ्यांना कुणाची आठवण झाली हे वेगळं सांगायला नको. तीही वर्षभरात थांबली, आणि दैनंदिन मालिकांच्या राज्यात ‘लवकर थांबली’ अशी हळहळ ऐकायला मिळणं हा केवढा सन्मान होता, ते रोज रात्री टीव्ही पाहणाऱ्यांना ठाऊक आहे.

आता फसलेल्या शेवटांकडे वळू. ‘हाऊ आय मेट युअर मदर’ या मालिकेने नऊ वर्षं मुलांना त्यांची आई कशी भेटली ते सांगितलं. 2014 मध्ये आई भेटली. ती इतकी लोभस निघाली की प्रेक्षक तिच्या प्रेमात पडले. आणि त्याच शेवटच्या भागात ती मेली, आणि बाप पुन्हा पहिल्या सीझनमधल्या रॉबिनच्या खिडकीखाली. लोक भयंकर चिडले. याचं कारण गमतीचं आहे. मुलांचं काम करणारे कलाकार मोठे होतील या भीतीने त्यांचा शेवटचा प्रसंग दुसऱ्या सीझनच्या सुमारासच चित्रित करून ठेवला होता. म्हणजे शेवट तयार होता, आणि मालिका मधल्या वर्षांत त्या शेवटापासून दूर निघून गेली होती. पुढे डीव्हीडीवर आई जिवंत असलेला दुसरा शेवटही दिला. पण एकदा मारलेल्या बाईला असं परत आणून कुणाचं समाधान होत नसतं.

‘साइनफेल्ड’च्या शेवटाला लोक नावं ठेवतात, तिथे मी त्यांच्या बाजूने नाही. 14 मे 1998 रोजी सुमारे साडेसात कोटी लोक टीव्हीपुढे बसले. चौघे एका लहान गावात एका लठ्ठ माणसाला लुटलं जाताना पाहतात, मदत करण्याऐवजी त्याची चेष्टा करतात आणि अटक होते. खटल्यात नऊ वर्षांत त्यांनी दुखावलेली माणसं एकेक करून साक्षीला येतात. चौघांना वर्षाची कैद. कोठडीत जेरी जॉर्जच्या शर्टाच्या बटणाबद्दल तेच बोलतो, जे पहिल्या भागात बोलला होता. लोकांना वाटलं, हा काय शेवट? ना लग्न, ना मिठी. पण या मालिकेचा नियमच होता की कुणी मिठी मारायची नाही आणि कुणी काही शिकायचं नाही. मालिकेचा लेखक लॅरी डेव्हिड याने तो नियम तुरुंगापर्यंत पाळला. पुढे 2024 मध्ये ‘कर्ब युअर एन्थुझिअॅझम’ ही आपली दुसरी मालिका संपवताना त्याने स्वतःवरच पुन्हा खटला भरवला, पुन्हा जुने साक्षीदार आणले, आणि या वेळी स्वतःला सोडवून घेतलं. सव्वीस वर्षं एकाच टीकेवर कुढत राहून शेवटी तिचाच विनोद करणारा हा माणूस पुण्यात जन्मायला हवा होता.

सर्वांत हुशार शेवट मात्र ‘न्यूहार्ट’चा, 21 मे 1990 चा. बॉब न्यूहार्ट आठ वर्षं व्हर्मांटमध्ये एक खानावळवजा पांथशाळा चालवत असतो, आजूबाजूला एकापेक्षा एक विक्षिप्त गावकरी. शेवटी त्याच्या डोक्यावर गोल्फचा चेंडू बसतो. अंधार होतो. दिवा लागतो तेव्हा तो पलंगावर असतो, पण हा पलंग त्याच्या आधीच्या, 1978 मध्ये संपलेल्या मालिकेतला. शेजारी तेव्हाची बायको. तो तिला म्हणतो की मला फार विचित्र स्वप्न पडलं. स्टुडिओतल्या लोकांनी नुसती ती खोली ओळखली आणि टाळ्यांचा कडकडाट केला. आठ वर्षांच्या मालिकेला एका क्षणात स्वप्न ठरवलं आणि कुणालाही फसवल्यासारखं वाटलं नाही, कारण विनोद प्रेक्षकांच्या आठवणीवर रचलेला होता.

ब्रिटिशांना हा प्रश्न फारसा पडत नाही. ते थोडंच करतात. जॉन क्लीज आणि कॉनी बूथ या जोडप्याने ‘फॉल्टी टॉवर्स’ लिहिली: 1975 मध्ये सहा भाग, 1979 मध्ये सहा भाग, एकूण बारा. मधल्या काळात दोघांचा घटस्फोट झाला आणि तरीही दुसरे सहा भाग पहिल्यांहून बांधेसूद निघाले. आपल्याकडे घटस्फोटानंतर एकत्र बसून भांडी वाटून घेणंही जमत नाही. शेवटच्या भागात आरोग्य निरीक्षकासमोर बिस्किटांच्या डब्यातून उंदीर डोकं बाहेर काढतो, हॉटेलमालक बेसिल बेशुद्ध पडतो आणि त्याची बायको सिबिल निरीक्षकाशी पावसाबद्दल बोलू लागते. हॉटेलचं पुढे काय झालं, कुणी विचारलं नाही. 2000 मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने सर्वोत्तम ब्रिटिश कार्यक्रमांची यादी केली, तेव्हा हे बारा भाग पहिल्या क्रमांकावर आले. तिथे कुठला सीझन चांगला हा वादच संभवत नाही.

‘ब्लॅकअॅडर’चा शेवट त्याहून वेगळा. चौथी मालिका पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत घडते. सहा भाग ब्लॅकअॅडर मरण टाळायच्या युक्त्या लढवतो. 2 नोव्हेंबर 1989 च्या शेवटच्या भागात युक्ती चालत नाही. सगळे खंदकातून वर चढतात आणि गोळ्यांच्या दिशेने धावतात. चित्रीकरण मनासारखं झालं नव्हतं, म्हणून संकलनात ते दृश्य संथ केलं आणि रणभूमीच्या जागी हळूहळू पॉपीच्या फुलांचं शेत आणलं. अडचणीतून सुचलेली ही गोष्ट ब्रिटनमध्ये आजही लोक विसरलेले नाहीत. इथे खरा शेवट आणि समारंभी शेवट एकाच मिनिटात आले, म्हणून तो जमला.

याच्या उलट टोकाला ‘द सिम्प्सन्स’. 17 डिसेंबर 1989 पासून ती चालूच आहे. तिसऱ्या ते आठव्या सीझनपर्यंत तिच्याइतकं चपळ लेखन अमेरिकन टीव्हीवर दुसरं नव्हतं, असं तिचे भक्तच सांगतात, आणि पुढच्या सीझनांबद्दल तेच भक्त विषय बदलतात. पहिला शेवट होऊन गेला, दुसरा येत नाही. आपल्याकडे 2008 मध्ये सुरू झालेल्या ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ची हीच कथा. दयाबेन 2017 मध्ये गेली ती गेलीच. गोरेगावातली ती गोकुलधाम सोसायटी मात्र अजून उभी आहे आणि सेक्रेटरीपदी भिडे मास्तर कायम आहेत. मुंबईत सोसायटीचा सेक्रेटरी बदलत नाही, हे त्या मालिकेतलं सर्वांत वास्तव चित्रण.

हल्ली तिसरा शेवटही निघाला आहे. संपलेली मालिका दहा-वीस वर्षांनी परत आणायची. ‘साराभाई वर्सेस साराभाई’ 2004 ते 2006 चालली आणि लोकांच्या जिभेवर राहिली; 2017 मध्ये वेबवर परतली, तेव्हा माया तशीच तोऱ्यात होती, पण घर बदललं होतं. ‘फ्रेझर’ 2023 मध्ये परत आली, तर तिच्यात वडिलांचं काम करणारे जॉन महोनी नव्हते, नाइल्स यायला तयार नव्हता. दोन सीझन झाले आणि थांबली. भाऊ नाही, वडील नाहीत, आणि नुसता फ्रेझर एकटा बोलतोय. एकट्याने शिष्टपणा करता येत नाही. त्याला पाहणारं कुणीतरी घरचं लागतं.

तेव्हा कुणी नवी मालिका धरणार असेल तर माझा सल्ला असा. पहिला सीझन भाचीच्या नियमानुसार वरवर चाळा. दुसऱ्यापासून नीट बसा. ‘चिअर्स’ पाचव्यापर्यंत बघा, ‘फ्रेझर’ आणि ‘द ऑफिस’ सातव्यापर्यंत, ‘फ्रेंड्स’ पाचव्यापर्यंत आणि मग पाऊस पडत असेल तर आठवा. ‘साइनफेल्ड’ तिसऱ्यापासून शेवटपर्यंत, तुरुंगासकट. ‘फॉल्टी टॉवर्स’चे बाराही भाग बघा आणि पुन्हा पहिल्यापासून लावा. बाकीच्यांचे शेवटचे भाग बघायचेच असतील तर जरूर बघा, पण आमच्या घरच्यासारखा एखादा शिल्लक ठेवलात तरी चालेल. त्यातली माणसं लग्न करून, घरं रिकामी करून, किल्ल्या ठेवून कुठेही जात नाहीत. दुसऱ्या सीझनचा तिसरा भाग लावा, सगळे जागच्या जागी बसलेले सापडतील.